नाकाची साक्ष

गुनवोरनं सव्वीस वर्षं टपाल वाटलं
योक्मोकच्या उत्तरेला, जिथे घराला नंबर नसतो,
नुसती कुत्र्याची ओळख असते.
निवृत्त झाल्यावर तिला बसवेना.
मग ती जंगलात जायला लागली,
झाडांचे पत्ते लिहून घ्यायला.

तिला एक अळंबी हवी असायची.
खायची नव्हे. रश्शात टाकली तर दात पडतील
अशी लाकूड झालेली.
म्हाताऱ्या वाळुंजाच्या खोडाला बिलगून बसते,
पांढुरकी, गाईच्या खुराएवढी,
आणि वर्षभरात वाढते ती नखाच्या कडेएवढी.
ती आधी दिसत नाही.
आधी वास येतो, बडीशेपेचा,
बर्फावर कुणी मूठभर सांडून गेल्यासारखा.

आन्ते, रेनडियरवाला, सांगायचा :
आमच्यातली पोरं पूर्वी हिचा तुकडा
कमरेच्या पिशवीत घालून
मुलीच्या दारावरून चकरा मारायची.
"आणि तू?"
"मी डिझेलच्या वासानंच गेलो.
ती आली तरी."

फेब्रुवारीत गुनवोरला ताप आला
आणि जाताना तिचं नाक घेऊन गेला.
कॉफी म्हणजे गरम पाणी.
नवऱ्याच्या जुन्या स्वेटरमध्ये
नुसती लोकर.
हे तिनं कुणालाच सांगितलं नाही.

मे महिन्यात टेकडीपलीकडे फिती लागल्या.
नारिंगी. झाडांच्या पोटाला,
जत्रेला न्यायच्या बोकडाला बांधाव्या तशा.
कंपनीचं पत्र मात्र फार सभ्य :
दुर्मीळ काही आढळल्यास
तीस जूनपर्यंत लेखी कळवावे.

ती रोज गेली.
रात्री अकरालाही, उन्हात, डास खात,
एकेक वाळुंज चाचपत,
सालीच्या भेगांत बोटं घालत.
नाकाचं काम हाताला सांगितलं
की कळतं, हात किती अडाणी असतो.

अठ्ठावीस तारखेला तोर्ब्यॉर्न आला.
झाडं कापायचं यंत्र त्याचं. हप्तेही त्याचेच.
ओढ्यावरून यंत्र कुठून उतरवायचं
ते बघायला आला होता.
मध्येच थांबला.
"इथे कोण पाव भाजतंय?"
"काय?"
"शनिवारी आई करायची तसला. बडीशेपेचा."

गुनवोरनं त्याची बाही धरली.
"कुठून येतोय? नीट सांग. हलू नकोस. नाही, हल."

मग तो पुढे, मान वर काढून, कुत्र्यासारखा,
आणि ती मागे.
पाच पावलं सापडायचा, दोन पावलं हरवायचा.
ओढ्यावर ओणवलेल्या एका वाळुंजाच्या
कोपराखाली, शेवाळाआड,
तीन.

तिनं गाल टेकवला. दीर्घ श्वास घेतला.
काही नाही. थंडगार काही नाही.
"आहे ना?" तिनं विचारलं.
त्यानं तिच्याकडे पाहिलं
आणि त्याला कळलं.

बराच वेळ ओढाच बोलत होता.
तोर्ब्यॉर्न म्हणाला, "मी इकडे आलोच नव्हतो,
असंही म्हणता येईल."
"येईल," ती म्हणाली.
फॉर्मवर साक्षीदाराची एक ओळ होती.
त्यानं यंत्राच्या किल्लीनं कान खाजवला,
पेन मागितलं,
आणि शाळेतल्यासारख्या अक्षरात
आडनावासकट सही केली.

कंपनीनं वाळुंज सोडलं.
भोवती तीस मीटरचं रिंगण सोडलं.
बाकी सगळं सप्टेंबरपर्यंत ट्रकवर चढलं,
ज्यांच्या फांद्यांवरची दाढी
आन्तेचे रेनडियर मार्चच्या उपासात खायचे
तेही स्प्रूस.
आन्ते येऊन बघून गेला. म्हणाला,
"एका माणसाला गाव म्हणत नाहीत."
आता तिथे वारा चारी बाजूंनी येतो
आणि शेवाळ कडेनं भुरकट पडतंय.

तोर्ब्यॉर्न दर रविवारी जातो.
घरी आल्यावर तिला फोन करतो.
"येतोय अजून?"
"येतोय."
"किती?"
तो खोटं बोलेल अशी वाट बघत
ती पेन्सिल धरून बसते.
"थोडा. वारा पडला की."

वहीत तारीख घालून ती लिहिते :
थोडा.